एकाच हाताच्या दोन वह्या

थॉमस जेफर्सन हा अमेरिकेचा तिसरा राष्ट्राध्यक्ष. १७७६ च्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याचा मुख्य लेखक म्हणून जग त्याला ओळखते. जुन्या कागदांवर काम करणाऱ्याला मात्र त्याचे आणखी एक वैशिष्ट्य मोलाचे वाटते. हा गृहस्थ न थकता लिहीत असे. त्याने लिहिलेल्या पत्रांची संख्या सुमारे १९,००० भरते. हवामानाच्या, खर्चाच्या, प्रवासाच्या नोंदी वेगळ्याच. या ढिगातल्या दोन वह्यांविषयी हा लेख आहे. एक बागेची वही. ती १७६६ च्या वसंतात एका फुलाच्या बहराची नोंद करून सुरू होते आणि १८२४ पर्यंत चालते. दुसरी शेतीची वही. ती १७७४ मध्ये सुरू झाली. दोन्ही वह्यांतले अक्षर एकच आहे, टापटीपही एकच. पहिलीत वाटाणा केव्हा पेरला, केव्हा फुलला आणि केव्हा ताटात आला ते लिहिले आहे. दुसरीत माणसांची नावे आहेत, त्यांची जन्मवर्षे आहेत, आणि कुणाला किती कापड, किती मासे, किती पीठ दिले त्याचा हिशेब आहे. ही माणसे जेफर्सनच्या मालकीची होती.

या दोन्ही वह्या ज्या जागी खऱ्या झाल्या ती जागा म्हणजे व्हर्जिनिया राज्यातले मॉन्टिचेलो. शार्लट्सव्हिल गावाजवळच्या एका टेकडीचे हे नाव इटालियन आहे, आणि त्याचा अर्थ छोटा डोंगर. जमीन वडिलांकडून आलेली. १७६८ मध्ये जेफर्सनने टेकडीचा माथा सपाट करायला घेतला आणि पुढची चाळीस वर्षे तो हे घर बांधत, पाडत, पुन्हा बांधत राहिला. घराभोवती सुमारे ५,००० एकरांची शेती होती. टेकडीवरचे मॉन्टिचेलो आणि आसपासच्या टफ्टन, शॅडवेल, लीगो या वाड्या मिळून ती होत असे. आधी तंबाखू पिकत असे. त्याने जमिनीचा कस गेला, तेव्हा १७९० च्या दशकात गहू आला. पिकांची फेरपालट कशी करावी, नांगराचा फाळ कोणत्या आकाराचा असला म्हणजे माती कमी विरोध करील, यावर जेफर्सनने बारकाईने विचार केला होता. त्या नांगरामागे तो स्वतः कधी चालत नव्हता.

आज हे संग्रहालय आहे. पायथ्याशी तिकीट काढायचे, बसने वर जायचे, ठरल्या वेळी घरात शिरायचे. घर पाहून झाले की बाग, मग ‘मल्बरी रो’ म्हणजे तुतीच्या झाडांची ओळ, आणि उतरताना कुटुंबाची दफनभूमी. माझा सल्ला विचाराल तर मी म्हणेन, घराआधी बाग पाहावी.

टेकडीच्या आग्नेय उतारावर १,००० फूट लांब आणि ८० फूट रुंद अशी एक पायरी कोरून काढलेली आहे. खालच्या बाजूला दगडी बांध आहे, तो काही ठिकाणी बारा फुटांहून उंच जातो. या पट्ट्यात जेफर्सनने भाज्या आणि औषधी वनस्पतींचे मिळून ३३० प्रकार लावून पाहिले. बांधाच्या मध्यावर विटांची एक चौकोनी छत्री आहे. तिथे बसून तो वाचत असे. वाटाणा त्याचा लाडका, त्याचे पंधरा प्रकार त्याने लावले. मराठी माणूस मात्र वेलींच्या मांडवापाशी थांबतो, कारण तिथे आज जांभळ्या शेंगांचा वाल लटकत असतो. तिथले लोक त्याला शोभेची वेल समजून फोटो काढतात, आणि आपल्याला बिरड्याची आठवण येते. पुढे भेंडी दिसते. ती आफ्रिकेतली. तिळाचे बी जेफर्सनला १८०८ च्या सुमारास मिळाले. त्याच्या तेलावर तो फारच खूश झाला. अमेरिकेत हे पीक आफ्रिकेतून आणलेल्या गुलामांबरोबर आले हे त्याला ठाऊक होते.

ही बाग आज आहे ती मूळची नाही. जेफर्सनच्या मृत्यूनंतर ती मोडली, छत्री कोसळली, बांध मातीखाली गेला. १९७९ पासून पुरातत्त्वज्ञांनी खणून बांधाच्या खुणा शोधल्या आणि बाग नव्याने उभी केली. वाफे कुठे होते, कशात काय लावले होते, हे ठरवता आले ते बागेच्या वहीमुळे. छत्री १९८४ मध्ये पुन्हा बांधली. १९८७ मध्ये जुन्या वाणांचे बियाणे जपणारे केंद्रही सुरू झाले. एका माणसाच्या नोंदींवरून दीडशे वर्षांनी बाग जशीच्या तशी उगवते, ही इतिहासाच्या अभ्यासकाला हेवा वाटावा अशी गोष्ट आहे.

पण हा १,००० फुटांचा उतार खोदला कुणी? एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात, जेफर्सन वॉशिंग्टनमध्ये राष्ट्राध्यक्ष असताना, गुलामांनी तो खोदला. त्यांतले काही भाड्याने आणलेले होते. इथे दुसरी वही उघडावी लागते.

जेफर्सनच्या मालकीत आयुष्यभरात सहाशेहून अधिक माणसे होती. त्यांपैकी १३५ त्याला एकदमच मिळाली, १७७३ मध्ये सासरे वारले तेव्हा. सासऱ्यांचे कर्जही त्याबरोबर आले. मल्बरी रोवर या माणसांची राहण्याची आणि कामाची जागा होती: लोहारकाम, सुतारकाम, आणि १७९४ पासून खिळे बनवण्याचा कारखाना. खिळे ठोकायला दहा ते सोळा वर्षांची मुले असत. त्यांच्यातलाच एक वर्मली ह्यूज. तो पुढे बागेचा मुख्य माळी झाला. कंद कुठे लावायचे, बी कसे ठेवायचे, याच्या सूचना जेफर्सन वॉशिंग्टनहून पत्राने धाडायचा, आणि त्या वर्मलीच्या हातून जमिनीत उतरायच्या. बागेच्या वहीचे अर्धे श्रेय ज्या हातांचे, ते हात शेतीच्या वहीत पीठ आणि पांघरुणांच्या रकान्यात सापडतात.

आणखी एक नोंद पाहण्यासारखी आहे. जेफर्सनची नात ॲन हिने १८०५ ते १८०८ या काळात घरखर्च लिहून ठेवला. त्यात काकड्या, कोबी, कोंबड्या, अंडी यांची खरेदी वारंवार येते. विकणारे कोण? त्याच टेकडीवरचे गुलाम. दिवसभर मालकाचे काम करून संध्याकाळी आणि रविवारी त्यांनी झोपड्यांमागच्या तुकड्यांत स्वतःचा मळा पिकवला होता. ज्या घराच्या बागेत ३३० प्रकार, ते घर गुलामांच्या परसातून भाजी विकत घेत होते. प्रयोग मालकाचा होता. ताटातली रोजची भाजी पुष्कळदा त्यांच्या मळ्यातली असे.

बाग पाहून घरात शिरले की घराची रचना निराळी दिसू लागते. जेवणघरात एक दार स्वतःभोवती फिरते आणि त्याला मागून फळ्या लावलेल्या आहेत. बाहेरून वाढप मांडायचे, दार फिरवायचे, पदार्थ आत. शेगडीच्या कडेला लहानसा पाळणा आहे, त्यातून तळघरातली दारूची बाटली वर येते. स्वयंपाकघर आणि कोठ्या टेकडीच्या उतारात, गच्चीच्या खाली दडवलेल्या. हे सारे कल्पक आहे, आणि पाहुणे त्याचे कौतुक करतात. त्याचा परिणाम एवढाच होता की वाढणारी माणसे जेवणाऱ्यांना दिसू नयेत.

जेफर्सन ४ जुलै १८२६ रोजी वारला, जाहीरनाम्याला बरोबर पन्नास वर्षे झाली त्या दिवशी. कबर वर्मली ह्यूजने खोदली. डोक्यावर एक लाख डॉलरांहून अधिक कर्ज होते. मृत्युपत्राने पाच जणांना मुक्तता मिळाली. जानेवारी १८२७ मध्ये घरासमोर लिलाव पुकारला गेला, आणि सुमारे १३० माणसे विक्रीला उभी केली गेली. वर्मलीला कुटुंबाने मोकळे सोडले, पण त्याची बायको अर्सुला आणि मुले लिलावात होती. जोसेफ फॉसेट हा लोहार मृत्युपत्राने मुक्त झाला. त्याची बायको ईडिथ हिने राष्ट्राध्यक्षांच्या घरात फ्रेंच पाककला शिकून मॉन्टिचेलोचे स्वयंपाकघर सांभाळले होते. तिची आणि मुलांची विक्री झाली. मुलगा पीटर तेव्हा अकरा वर्षांचा होता. तो पुढे सिनसिनाटीत धर्मोपदेशक झाला. १८९८ मध्ये त्याच्या आठवणी छापून आल्या, आणि १९०० मध्ये, पंचाऐंशीच्या घरात असताना, त्याने मॉन्टिचेलो पुन्हा एकदा पाहिले.

घर पुढे विकले गेले. १८३४ पासून ते युराया लेव्ही या ज्यू नौदल अधिकाऱ्याकडे आणि नंतर त्याच्या पुतण्याकडे होते. या घराण्यानेच ते पडू दिले नाही. १९२३ मध्ये एका प्रतिष्ठानने ते विकत घेऊन संग्रहालय केले. बागेची वही १९४४ मध्ये छापली गेली, शेतीची १९५३ मध्ये. म्हणजे दोन्ही वह्या कुणालाही वाचता येतील अशा झाल्या होत्या. तरी संग्रहालयाने पहिली वाचून बाग फुलवली आणि दुसरी बराच काळ मिटून ठेवली. मार्गदर्शक ‘नोकर’ म्हणत. जेफर्सनचे घराणेही तसेच म्हणे.

सॅली हेमिंग्ज ही याची कसोटी ठरली. ती जेफर्सनच्या दिवंगत पत्नीची सावत्र बहीण, आणि त्याची गुलाम. तिचा मुलगा मॅडिसन याने १८७३ मध्ये ओहायोतल्या एका वर्तमानपत्रात स्पष्ट सांगितले की आपले वडील थॉमस जेफर्सन. सव्वाशे वर्षे या साक्षीला अफवेचा भाव मिळाला. १९९३ मध्ये संग्रहालयाने गुलामांच्या वंशजांच्या मौखिक आठवणी गोळा करायला सुरुवात केली. १९९८ मध्ये डीएनए चाचणीत तिच्या धाकट्या मुलाच्या वंशजाचा दुवा जेफर्सन घराण्याच्या पुरुषवंशाशी जुळला. २००० मध्ये प्रतिष्ठानच्या समितीने कागद आणि चाचणी दोन्ही तपासून मॅडिसनच्या बाजूने कौल दिला. २०१८ मध्ये दक्षिणेकडच्या पाखेत सॅलीची खोली प्रदर्शनासाठी उघडली. विसाव्या शतकात त्या भागात पर्यटकांसाठी स्वच्छतागृह केले होते. पायथ्याच्या वाहनतळाजवळ गुलामांची दफनभूमी आहे, तिची ओळखही या शतकाच्या आरंभी पटली. टेकडीवर जेफर्सनचा कोरीव स्तंभ, आणि खाली बिननावाचे दगड.

मराठी वाचकाला १८७३ हे साल परके नाही. त्याच वर्षी पुण्यात जोतीराव फुल्यांची ‘गुलामगिरी’ प्रसिद्ध झाली, आणि त्यांनी ती अमेरिकेत गुलामगिरी संपवण्यासाठी झटलेल्या लोकांना अर्पण केली. फुल्यांच्या विचारांना वळण देणाऱ्या थॉमस पेनच्या ‘राइट्स ऑफ मॅन’ची अमेरिकन आवृत्ती १७९१ मध्ये निघाली, तेव्हा जेफर्सनची शिफारस तिच्या आरंभी छापलेली होती. ओहायोतला सुतार मॅडिसन हेमिंग्ज आणि पुण्यातले जोतीराव यांना एकमेकांचे नाव ठाऊक असण्याचे कारण नाही. पण समतेचा पुकारा करणाऱ्यांना त्यांच्याच शब्दांनी जाब विचारायचा, हे काम दोघे एकाच वर्षी करत होते.

मॉन्टिचेलोचे कौतुक करताना आपल्या वाड्यांकडेही पाहायला हवे. पेशवाईत कुणबिणींची खरेदी-विक्री होत असे आणि तिच्या नोंदी पेशवे दफ्तरात आहेत. दळण, कांडण, पाणी, गोठा ही कामे त्यांच्यावर असत. व्हर्जिनियातल्या मळ्यांची गुलामी आणि आपल्याकडची ही प्रथा एकच नव्हे. तिथे बाजारासाठी पिकवणारी शेती त्या श्रमावर उभी होती, इथे तिचे क्षेत्र मुख्यतः घर आणि सरकारी कारखाने. तरी माणसाला किंमत लावली जात होती हे दोन्हीकडे सारखेच. कंपनी सरकारने १८४३ च्या कायद्याने या मालकीचा कायदेशीर आधार काढून घेतला. आज जतन केलेले वाडे पाहायला गेलो की आपल्याला सागवानी खांब, भित्तिचित्रे, कारंजी आणि हौद दाखवतात. हौदाची लांबी-रुंदी सांगतात. हौदात पाणी कुणी भरले, हे विचारण्याची पद्धत नाही, म्हणून सांगण्याचीही नाही.

कागद नाहीत ही सबब पुष्कळदा खरी नसते. मॉन्टिचेलोत कागद छापील स्वरूपात कपाटात होते, आणि तरी ते बोलके व्हायला चाळीस वर्षे लागली. ते बोलू लागले याचे श्रेय वंशजांच्या चिकाटीला आणि काही अभ्यासकांच्या हट्टाला. त्यामुळे बागेचे काही बिघडलेले नाही. वाटाणा अजून वेळेवर फुलतो. फक्त आता त्या बांधापाशी उभे राहिले की वर्मली ह्यूजचे नाव ऐकू येते. आपल्याकडे असे एखादे नाव शोधायचे तर सुरुवात कुठून करावी, याचे उत्तर अवघड नाही. घराण्याच्या कीर्तीची बखर बाजूला ठेवावी आणि कोठीचा हिशेब उघडावा. कापड किती वाटले आणि धान्य कुणाला दिले, या रकान्यांत ती माणसे बसलेली असतात.