बिघाड कुठे आहे?

येडशीवरून एके काळी बार्शी लाइट रेल्वेची अडीच फुटी गाडी धावत असे. चाकावर हातोडी मारून आवाजावरून तडा ओळखण्याची रेल्वेतील रीत जुनी आहे. टेलिफोनच्या यंत्रालयातही पूर्वी कान हेच पहिले हत्यार होते.

मुंबईत १८८२ साली टेलिफोन केंद्र सुरू झाले, तेव्हा जोडणी माणूस करी. अमेरिकेतील स्ट्रोजर याने १८९१ साली स्वयंचलित जोडणीचे पेटंट मिळविले. त्याच्या यंत्रातील दांडा आकड्यागणिक वर चढे, मग आडवा वळे. स्पर्शबिंदूंवर धूळ बसली की तो अडे. पण कोठे अडला हे डोळ्यांस दिसे, कानास कळे.

१९८४ साली स्थापन झालेल्या सी-डॉटने १२८ जोडण्यांचे इलेक्ट्रॉनिक यंत्र कचेऱ्यांसाठी आणि खेड्यांसाठी घडविले. १९८६ साली ते कर्नाटकात कित्तूरला बसले. त्यास वातानुकूलन लागत नसे. येडशीसारख्या गावांच्या दृष्टीने हीच मोलाची गोष्ट. पण हे यंत्र मुके! म्हणून शोधाची रीत बदलली. आधी बाहेरची तार सोडवून यंत्रास थेट टेलिफोन लावायचा. आवाज आला तर दोष बाहेर. नाही तर आत. मग संशयित कार्ड काढून चांगले घालायचे.

येथेच सावध राहिले पाहिजे. कार्ड बदलले की टेलिफोन बोलू लागतो. परंतु भूसंपर्कच तुटलेला असेल तर पुढच्या विजेत नवे कार्डही जळते. दुरुस्ती म्हणजे केवळ बदल नव्हे, कारणाचा शोध होय. कान निवृत्त झाला तरी ही जिज्ञासा निवृत्त होऊ नये, असे आम्हांस वाटते.