'चांगल्या' कोलेस्टेरॉलची गोष्ट

सकाळी फिरून झाले की आम्ही निवृत्त मंडळी चिंचवडच्या बागेत बाकावर टेकतो. पूर्वी गप्पा पेन्शनच्या असत, आता लिपिड प्रोफाइलच्या असतात. परवा एक स्नेही म्हणाले, "सर, माझे चांगले कोलेस्टेरॉल ६८ आले. मग गोळी कशाला? बंद केली."

मी शाळेत इतिहास शिकवला, वैद्यक नव्हे. पण या 'चांगल्या' नावालाही इतिहास आहे. तोच त्यांना सांगितला.

कॅलिफोर्नियात जॉन गॉफमन यांनी १९५०च्या सुमारास रक्तद्रव अतिवेगाने फिरवून त्यातले चरबीवाहक कण घनतेप्रमाणे वेगळे केले. जास्त घनतेचे ते एचडीएल, कमी घनतेचे ते एलडीएल. अमेरिकेतील फ्रॅमिंगहॅम गावी १९४८पासून रहिवाशांच्या हृदयाची पाहणी चालू होती. ज्यांचे एचडीएल जास्त, त्यांना हृदयविकार कमी, असे तिच्यातून १९७७ साली पुढे आले. हे कण रक्तवाहिन्यांतले कोलेस्टेरॉल उचलून यकृताकडे नेतात, असे स्पष्टीकरणही होते. झाले! एक सज्जन ठरला, दुसरा दुर्जन.

मग एचडीएल वाढवणारी औषधे आली. टॉर्सेट्रॅपिबने ते ७० टक्क्यांहून जास्त वाढले, पण औषध घेणाऱ्यांतच मृत्यू अधिक झाले आणि डिसेंबर २००६मध्ये चाचणी थांबवावी लागली. २०११ साली नायसिनच्या चाचणीतही फायदा दिसला नाही. २०१२च्या एका अभ्यासात तर जन्मतः एका जनुकामुळे एचडीएल जास्त असणाऱ्यांनाही हृदयविकाराच्या झटक्यापासून संरक्षण आढळले नाही. शाळेच्या भाषेत सांगायचे तर, नियमित हजेरी असणारी मुले बहुधा पास होतात. म्हणून हजेरीपटावर खोट्या हजेऱ्या मांडून कोणी पास होत नाही.

एचडीएल कमी असणे ही मात्र धोक्याची खूण आहे. बहुधा सुटलेले पोट, वाढलेली साखर आणि ट्रायग्लिसराइड तिच्या सोबत असतात. महाराष्ट्रासह चार ठिकाणच्या आयसीएमआरच्या पाहणीत (२०१४) ७२.३ टक्के लोकांचे एचडीएल कमी निघाले. दिसायला बारीक, पण आत चरबी अधिक, हे भारतीय शरीराचे लक्षण पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी जगापुढे मांडले. चाकणपर्यंत शेते जाऊन कारखाने आले, चालणे जाऊन कंपनीची बस आली. आपल्या भागाने हे विशेष लक्षात घ्यावे.

आणि ती बंद केलेली गोळी? तिचे नाते थेट पिंपरीशी. १९५४ साली स्थापन झालेली आपली एच. ए. कंपनी ज्या पेनिसिलियम कुळातल्या बुरशीपासून पेनिसिलिन काढी, त्याच कुळातल्या दुसऱ्या बुरशीत जपानच्या अकिरा एन्डो यांना १९७३ साली पहिले स्टॅटिन सापडले. एलडीएल उतरवणारे हे औषध. १९९४ साली स्कँडिनेव्हियातील ४४४४ हृदयरुग्णांवरील चाचणीत अशाच गोळीने मृत्यू सुमारे ३० टक्क्यांनी घटले.

"तुमचे एलडीएल किती?" मी विचारले. त्यांनी तो आकडा पाहिलाच नव्हता. रिपोर्ट उघडला, चष्मा लावला. १७४.

काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी मात्र बाकावर उशिरा आले. डॉक्टरांकडे जाऊन आले होते.

असो. नावावरून माणसाची पारख करू नये, हे आपण मुलांना शिकवतो. कोलेस्टेरॉलचीही करू नये.