अटलांटाचा पिता कोण?

आमच्या नातीला शाळेतून गृहपाठाचा एक छापील कागद मिळाला होता. विषय होता ग्रीक पुराणातील वीरांगना अटलांटा. दहा प्रश्न, आणि प्रत्येकाचे उत्तर एका शब्दात द्यावयाचे. पहिलाच प्रश्न असा की, अटलांटाच्या पित्याचे नाव काय? लष्करातील आमच्या जुन्या घराच्या ओसरीवर ती दोन पुस्तके घेऊन आली आणि म्हणाली, "आजोबा, एकात इयासस लिहिलंय, दुसऱ्यात स्कीनियस. खरं कुठलं?"

आम्ही चष्मा पुसला. वेळ काढण्याचा तो आमचा जुना उपाय आहे.

कथा मात्र आम्हांस ठाऊक होती, ती तिला सांगितली. राजाला पुत्र हवा होता, कन्या झाली. म्हणून ती डोंगरावर टाकून देण्यात आली. एका अस्वलीने तिला दूध पाजले, पुढे पारध्यांनी वाढविले. कॅलिडॉनच्या राजाने यज्ञात आर्टेमिस देवीला वगळले, तेव्हा देवीने कोपून एक प्रचंड रानडुक्कर पाठविले. त्याच्या शिकारीस मोठमोठे वीर जमले, पण पहिला बाण लागला तो अटलांटाचा. राजपुत्र मेलिॲगर याने कातड्याचा मान तिला दिला. त्याच्या मामांना ते सोसवेना, भांडण झाले, मामा भाच्याच्या हातून मेले आणि भावांच्या दुःखाने वेड्या झालेल्या आईने पोटच्या पुत्राचा प्राण घेतला. एका स्त्रीला मान दिल्याचा एवढा अनर्थ! पुढे धावण्याच्या शर्यतीत जो जिंकेल त्याच्याशीच लग्न, हरेल त्याला मरण, असा तिचा पण. आणि तीन सोन्याची सफरचंदे वाटेत टाकून तिला जिंकणारा तरुण.

नात म्हणाली, "ही तर शकुंतलाच झाली." रानात टाकलेले मूल आणि पक्ष्यांनी केलेला सांभाळ तिला बरोबर आठवला. आम्ही तिला स्त्रीराज्यातील प्रमिलेची आठवण करून दिली. श्रीधराचा जैमिनी अश्वमेध आमच्या आजीच्या पोथ्यांत असे. अर्जुनाचा घोडा अडविणारी प्रमिला आम्ही तिच्याच तोंडून प्रथम ऐकली. येथे एक विषयांतर क्षम्य मानावे. ग्रीकांना आपण परके समजतो, पण जुन्या ग्वाल्हेर संस्थानातील भेलशाजवळ, बेसनगर येथे, तक्षशिलेहून आलेल्या हेलिओडोरस नामक यवन दूताने इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकात वासुदेवाचा गरुडध्वज उभारला. तो स्तंभ अद्याप जागेवर आहे. त्या दूताने येथे सुभद्रेची कथा ऐकली असेल आणि बदल्यात अटलांटेची सांगितली असेल, असे मनात आणण्याचा मोह आम्हांस आवरत नाही.

असो. पित्याचा प्रश्न उरलाच होता. अपोलोडोरसच्या नावावर असलेल्या प्राचीन पुराणसंग्रहात आम्हांस त्याचे उत्तर सापडले. तो संग्राहक प्रथम इयासस म्हणतो. मग सांगतो की हेसिअड आणि इतर काही जण स्कीनियस म्हणतात, युरिपिडीस मात्र मेनॅलस म्हणतो. पतीचेही तेच : कोणी मेलॅनिअन म्हणतो, कोणी हिप्पोमिनीस. आर्केडियाच्या लोकांना ती आपली हवी होती, बिओशियाच्या लोकांना आपली. संग्राहकाने एकालाही खोटे ठरविले नाही. कोण काय म्हणतो तेवढे नोंदवून ठेवले. नातीने कागदावर तिन्ही नावे लिहिली. शाळेत दोन खोडली गेली आणि अर्धा गुण मिळाला. ती चिडली. आम्हांस मात्र त्या अर्ध्या गुणापेक्षा तिच्या पुढच्या प्रश्नाने अधिक त्रास झाला.

तिने विचारले, "मग आपली राणी वारली ती १७ जूनला की १८ला?"

फूलबागेतील समाधीपाशी दरवर्षी १८ जूनला आपण फुले वाहतो. कोटा-की-सरायची लढाई इंग्रजी वृत्तांतांत १७ जून १८५८ची आहे, आणि राणी त्याच दिवशी पडली असे अनेक इतिहासकार मानतात. कोणी गोळी म्हणतो, कोणी तलवार. स्वर्णरेखेच्या ओढ्यापाशी नवा घोडा अडला, ही तर या गावची कथा. आता सिमेंटच्या भिंतींत कोंडलेला तो नाला पाहून मुलांना ती पटत नाही. वरसईचे विष्णुभट गोडसे बायजाबाई शिंद्यांच्या यज्ञाची दक्षिणा मिळेल या आशेने उत्तरेस आले आणि बंडात सापडले. त्यांनी झाशीचा वेढा पाहिला. पुढे काल्पीच्या वाटेवर धुळीने माखलेली, तहानलेली राणी विहिरीपाशी पाहिली. ग्वाल्हेरचा शेवट मात्र त्यांनी पाहिला नाही. त्यांचा 'माझा प्रवास' चिंतामणराव वैद्यांनी १९०७ साली छापला, तोही हात फिरवून. मूळ मजकूर दत्तो वामन पोतदारांनी १९६६ साली प्रसिद्ध केला. म्हणजे डोळ्यांनी पाहणाऱ्याचे शब्दसुद्धा आपल्यापर्यंत दोन रूपांत आले.

तिथीचे एक वेळ सोडून देता येईल. पण नातीने हिंदीच्या पुस्तकातील सुभद्राकुमारी चौहानांची कविता पाठ केली होती, आणि शिंद्यांनी राजधानी सोडली, ते इंग्रजांचे मित्र होते, हे त्या कवितेत आहे. "आपण शिंद्यांच्या बाजूचे होतो ना?" असे तिने सरळ विचारले.

या गावातील आपल्यापैकी किती घरांत याचे उत्तर सरळ दिले जाते? आमच्या घरात दोन उत्तरे होती. आजोबा सांगत की महाराज तेव्हा पुरते पंचविशीचेही नव्हते, दिनकरराव राजवाड्यांनी राज्य वाचविले, नाही तर आपण कोणीच येथे उरलो नसतो. आत्याबाई आवाज खाली करून सांगत की १ जूनला मुरारजवळ महाराजांची फौजच पेशव्यांना जाऊन मिळाली, आणि त्या फौजेत आपल्याही घरचा एक जण होता. जयाजीराव आग्र्यास गेले आणि त्याच महिन्यात इंग्रजांबरोबर परतले, हे दोन्ही उत्तरांत समान. नंतरची गोष्ट मात्र दोघेही टाळीत. १८६१ साली राणीची झाशी इंग्रजांनी शिंद्यांना दिली आणि १८८६ साली ती परत घेऊन बदल्यात ग्वाल्हेरचा किल्ला सोडला. आपल्या डोक्यावरचा हा किल्ला असा घरी आला आहे.

हे आम्ही तिला सांगितले. सांगताना आजोबांच्या तसबिरीकडे पाहणे टाळले, हेही कबूल करावयास हवे.

तिने आणखी एक विचारले : राणीच्या मुलाचे काय झाले? अटलांटालाही पार्थेनोपियस नावाचा मुलगा होता; थीब्जवर चालून गेलेल्या सातांत तो पडला. त्याचा प्रश्न शाळेच्या कागदावर नव्हता. दामोदरराव मात्र रणातून वाचले, इंग्रजांच्या पेन्शनीवर इंदुरास राहिले आणि १९०६ साली तेथेच वारले. फूलबागेतून परतताना त्यांचे नाव आपल्यापैकी क्वचितच कोणी काढतो. नातीने वहीत ते लिहून घेतले, त्याखाली १७ आणि १८ या दोन्ही तारखा लिहिल्या, आणि प्रत्येकीपुढे कोण म्हणतो तेही लिहिले. आत्याबाईंच्या त्या घरच्या माणसाचे नाव तिला हवे होते. जुन्या दप्तरांचा पेटारा आम्ही माळ्यावरून उतरविला आहे. मोडी वाचणारे कोणी वाचकांच्या माहितीत असल्यास कळवावे.