ढालकिडे : जननाचे संप्रेरक-नियमन

मावा, खवले कीड आणि पिठ्या ढेकूण खाणाऱ्या ढालकिड्यांच्या मादीत अंडी पिकणे मुख्यतः ज्युव्हेनाइल हॉर्मोनवर अवलंबून असते. मेंदूच्या मागे असलेल्या कॉर्पोरा अलाटा या ग्रंथिजोडीतून ते स्रवते. अळीत हे संप्रेरक प्रौढावस्था रोखून धरते आणि प्रौढ मादीत तेच अंडी पिकवते. अंडी पिकण्यासाठी या ग्रंथी लागतात, हे व्हिन्सेंट विगल्सवर्थ यांनी १९३६ मध्ये दाखवले, पण ऱ्होड्नियस या रक्तशोषक ढेकणात. ढालकिड्यांसारख्या मित्रकीटकांवरचे काम नंतरचे.

संप्रेरक मेट या ग्राहीला जोडले गेले, की मेदपिंडात व्हायटेलोजेनिन हे प्रथिन तयार होऊ लागते. ते कीटकाच्या रक्तातून अंडाशयात पोचते आणि अंड्यातील पीतक बनते.

भक्षक कीटकात या यंत्रणेची किल्ली भक्ष्याकडे असते. सातठिपकी ढालकिड्याची मादी परागकण किंवा मध खाऊन जगते. अंडी घालायला मात्र तिला मावा लागतो. मावा संपला, की अंडाशयातली अर्धवट अंडी शरीर परत शोषून घेते. उपासमारीत पिल्ले जन्माला घालण्यापेक्षा हा व्यवहार शहाणपणाचा. सुप्तावस्थेतही ग्रंथी मंदावतात व अंडाशय अविकसित राहते. संप्रेरकसदृश रसायन दिल्यास ही अवस्था मोडता येते.

कृत्रिम खाद्यावर मादी जगते, पण अंडी फार कमी घालते. त्यामुळे ढालकिडे वाढवणाऱ्या प्रयोगशाळांना अजूनही जिवंत भक्ष्य पोसावे लागते. द्राक्षबागांत पिठ्या ढेकणावर सोडायचा क्रिप्टोलीमस हा ढालकिडा वाढवताना आधी लाल भोपळ्यावर पिठ्या ढेकूण वाढवतात. खाद्यात संप्रेरकसदृश रसायन मिसळून अंडी वाढवण्याचे प्रयोग चीनमध्ये सातठिपकी ढालकिड्यावर झाले आहेत.

याच्या उलट बाजूची चर्चा मात्र कमी होते. पायरीप्रॉक्सीफेन हे कीटकनाशक याच संप्रेरकाची नक्कल करते. नको त्या अवस्थेत ते शरीरात गेले, की ढालकिड्यांची अंडी उबत नाहीत आणि अळ्यांचे प्रौढांत नीट रूपांतर होत नाही. ऑस्ट्रेलियातून आणलेल्या रोडोलिया ढालकिड्याने १८८८-८९ मध्ये कॅलिफोर्नियातील संत्राबागा इसेरिया या खवले किडीपासून वाचवल्या होत्या. शंभरेक वर्षांनी तिथे दुसऱ्या खवले किडीसाठी पायरीप्रॉक्सीफेन फवारले गेले, तेव्हा रोडोलिया घटला आणि इसेरिया पुन्हा फोफावली.