अंटार्क्टिकाची सागरसफर : हिमखंडाच्या दारातील शिस्त

पृथ्वीवरील सात खंडांपैकी अंटार्क्टिका हा एकच खंड असा आहे, की जेथे मूळचे रहिवासी नाहीत, गावे नाहीत आणि कोणत्याही देशाची सर्वमान्य सत्ताही नाही. तरीही २०२३-२४ च्या हंगामात एक लाख २० हजारांहून अधिक पर्यटक या प्रदेशात पोहोचले. १९९० च्या दशकाच्या प्रारंभी हीच संख्या हंगामाला दहा हजारांच्याही आत होती. पोलीस नसलेल्या आणि मदत शेकडो किलोमीटर दूर असलेल्या या प्रदेशात पर्यटन चालते ते प्रामुख्याने परस्परसंमतीने आखलेल्या नियमांवर. हे नियम किती काटेकोरपणे पाळले जातात, यावर पर्यटकांची सुरक्षितता आणि तेथील निसर्ग दोन्ही अवलंबून आहेत.

प्रवासाचा मार्ग

बहुसंख्य जहाजे अर्जेंटिनाच्या दक्षिण टोकावरील उशुआया बंदरातून निघतात. हंगाम नोव्हेंबर ते मार्च, म्हणजे दक्षिण गोलार्धातील उन्हाळ्याचा. प्रथम ओलांडावी लागते ती केप हॉर्न आणि दक्षिण शेटलंड बेटे यांच्यामधील, सुमारे आठशे किलोमीटर रुंदीची ड्रेक सामुद्रधुनी. या अक्षांशांवर पृथ्वीभोवती फिरणाऱ्या पश्चिमी वाऱ्यांना अडवणारा भूभाग नाही. त्यामुळे येथील लाटा दर्यावर्दींमध्ये कुप्रसिद्ध आहेत. हा टप्पा पार करण्यास साधारणपणे दोन दिवस लागतात. वाटेत एका ठिकाणी समुद्राच्या पाण्याचे तापमान झपाट्याने उतरते. उत्तरेकडील तुलनेने उबदार आणि दक्षिणेकडील थंड पाणी येथे एकत्र येते. या सीमेपलीकडच्या थंड पाण्यात क्रिल नावाचा कोळंबीसारखा लहान जीव विपुल आढळतो. पेंग्विन, सील आणि देवमासे यांच्या जीवनाचा तोच आधार आहे.

पर्यटकांची जहाजे मुख्यतः अंटार्क्टिक द्वीपकल्पाच्या पश्चिम किनाऱ्याला जातात. डिसेप्शन बेट हे जागृत ज्वालामुखीचे बुडालेले मुख असून एका अरुंद फटीतून जहाज त्यात शिरते. आत देवमाशांच्या शिकारीच्या काळातील गंजलेल्या टाक्या आणि पडके कारखाने आहेत. लमेर खाडीत उंच कड्यांमधून सुमारे अकरा किलोमीटरचा चिंचोळा जलमार्ग जातो. बर्फाने वाट अडवली, तर जहाजाला मागे फिरावे लागते. पोर्ट लॉकरॉय येथे १९४४ मध्ये उभारलेल्या ब्रिटिश तळाचे आता संग्रहालय आणि टपाल कार्यालय झाले असून त्याच्या अवतीभवती जेंटू पेंग्विनांची घरटी असतात. भारताची ‘मैत्री’ आणि ‘भारती’ ही संशोधन केंद्रे मात्र खंडाच्या पूर्व भागात, या मार्गापासून फार दूर आहेत.

सहलीपेक्षा वेगळे

सामान्य क्रूझमध्ये बंदरे आणि वेळा आधीच ठरलेल्या असतात. शोधसफरीत कार्यक्रम केवळ तात्पुरता असतो. वारा आणि बर्फ यांचा अंदाज घेऊन सफरप्रमुख आणि कप्तान दररोज पुढचे ठिकाण ठरवतात. धक्के नसल्याने किनाऱ्यावर उतरण्यासाठी झोडियाक या रबरी होड्या वापरतात. सोबत पक्षितज्ज्ञ, भूगर्भतज्ज्ञ, इतिहासाचे अभ्यासक असे मार्गदर्शक असतात आणि जहाजावर त्यांची व्याख्याने होतात.

१९५० च्या दशकाच्या अखेरीस अर्जेंटिना आणि चिली यांच्या जहाजांनी काही पर्यटकांना या भागात नेले होते. परंतु शोधसफरीचे आजचे स्वरूप लार्स-एरिक लिंडब्लाड या स्वीडिश-अमेरिकी पर्यटन व्यावसायिकाने १९६६ पासून रुजवले. ज्यांनी हा खंड पाहिला, तेच त्याच्या रक्षणासाठी उभे राहतील, असे त्यांचे सूत्र होते. १९६९ मध्ये त्यांनी खास ध्रुवीय सफरींसाठी ‘लिंडब्लाड एक्स्प्लोरर’ हे जहाज बांधून घेतले. लाल रंगाचे ते छोटे जहाज पुढे मालक बदलून ‘एक्स्प्लोरर’ या नावाने धावत राहिले.

‘एक्स्प्लोरर’चा धडा

२३ नोव्हेंबर २००७ रोजी हेच जहाज दक्षिण शेटलंड बेटांजवळ बर्फावर आदळले. तळाला भेग पडून पाणी आत शिरू लागले आणि १५४ जणांना जहाज सोडावे लागले. जवळपासच्या ‘नॉर्डनॉर्ग’ या नॉर्वेच्या प्रवासी जहाजाने काही तासांत सर्वांना सुखरूप उचलून घेतले. समुद्र त्या वेळी तुलनेने शांत होता. त्याच दिवशी ‘एक्स्प्लोरर’ने जलसमाधी घेतली. जहाजावर ध्वज लायबेरियाचा असल्याने त्या देशाने चौकशी केली. समोरच्या बर्फाचे स्वरूप ओळखण्यात झालेली चूक आणि त्यात शिरताना ठेवलेला अधिक वेग यांवर चौकशी अहवालात बोट ठेवण्यात आले. ध्रुवीय प्रवासासाठी बांधलेल्या आणि या पाण्यात जवळपास चार दशके वावरलेल्या जहाजाची ही गत झाली. शेजारी दुसरे जहाज नसते किंवा वारा उठला असता, तर परिणाम वेगळा झाला असता, हे उघड होते.

त्याआधी जानेवारी १९८९ मध्ये ‘बाहिया पराइसो’ हे अर्जेंटिनाचे जहाज अमेरिकेच्या पामर केंद्राजवळ खडकावर चढले होते. माणसे बचावली, परंतु सांडलेल्या डिझेलने परिसरातील सागरी जीवांची हानी झाली.

नियमांची चौकट

अंटार्क्टिका करारावर १ डिसेंबर १९५९ रोजी बारा देशांनी सह्या केल्या. भारत त्यात १९८३ मध्ये सामील झाला. १९९१ मध्ये पर्यावरण रक्षणाचा माद्रिद मसुदा स्वीकारण्यात आला आणि तो १९९८ पासून लागू झाला. १९९१ मध्येच सात पर्यटन संस्थांनी एकत्र येऊन अंटार्क्टिका पर्यटन संचालकांची आंतरराष्ट्रीय संघटना स्थापन केली.

या नियमांनुसार पाचशेहून अधिक प्रवासी असलेल्या जहाजाला कोणालाही किनाऱ्यावर उतरवता येत नाही. एका वेळी एका ठिकाणी शंभरापेक्षा अधिक पर्यटक उतरू शकत नाहीत. पेंग्विनांपासून किमान पाच मीटर अंतर राखावे लागते. परकी बिया आणि कीटक पोहोचू नयेत, म्हणून उतरण्यापूर्वी बाहेरचे कपडे यंत्राने झाडून घेतात आणि बूट जंतुनाशकात बुडवतात. बर्ड फ्लूमुळे आता जमिनीवर बसणे किंवा पिशवी ठेवणेही वर्ज्य आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये द्वीपकल्पातील स्कुआ पक्ष्यांमध्ये या रोगाचा विषाणू आढळला.

जहाजांबाबतही कडक पावले उचलली गेली. ऑगस्ट २०११ पासून ६० अंश दक्षिण अक्षांशापलीकडे जड इंधनतेल वापरण्यास आणि वाहून नेण्यास बंदी आहे. १ जानेवारी २०१७ रोजी लागू झालेल्या ध्रुवीय नौवहन संहितेनुसार, मदत येईपर्यंत किमान पाच दिवस तग धरता येईल अशी जीवरक्षक सामग्री जहाजावर हवी. मदत पोहोचण्यास किती विलंब लागू शकतो, हे या एका आकड्यावरून ध्यानात येते.

अनुत्तरित प्रश्न

नियम प्रत्येक जहाजाला बांधतात, एकूण गर्दीला नाही. एका हंगामात किती जहाजे आणि किती माणसे यावीत, यावर कमाल मर्यादा नाही. त्यातच बहुतेक भेटी द्वीपकल्पावरील मोजक्या ठिकाणी एकवटतात. जहाजांच्या धुरातील काजळी बर्फावर साचली, की बर्फ अधिक उष्णता शोषतो आणि लवकर वितळतो. संशोधन केंद्रे आणि पर्यटक यांच्या वर्दळीच्या जागी बर्फात काजळीचे प्रमाण अधिक असल्याचे २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसून आले. करारातील निर्णय सर्वसंमतीने होत असल्याने एकाही सल्लागार देशाचा विरोध झाला, तर सुधारणा रखडते. मे २०२४ मध्ये कोची येथे झालेल्या करार-बैठकीत पर्यटनाच्या सर्वंकष नियमनाच्या चर्चेला प्रारंभ झाला. भारताने २०२२ मध्ये स्वतःचा अंटार्क्टिक कायदा केला असून भारतीय मोहिमांना परवाना आवश्यक ठरला आहे.

जाण्यापूर्वी

या सफरीचा विचार करणाऱ्याने खोल्यांच्या सजावटीआधी काही गोष्टी विचारून घ्याव्यात. जहाजाची बर्फक्षमता कोणत्या श्रेणीची आहे? प्रवासी किती आहेत आणि किनाऱ्यावर प्रत्यक्ष किती वेळ मिळेल? संचालक उपरोक्त संघटनेचा सदस्य आहे काय? दूरच्या प्रदेशातून रुग्णाला हलवण्याचा खर्च देणारा विमा सोबत असणे अत्यावश्यक आहे, कारण जहाजावरील डॉक्टरांच्या सोयी मर्यादित असतात आणि सुसज्ज रुग्णालय ड्रेकच्या पलीकडे असते. हृदयविकार वा अन्य जुना आजार असल्यास आपल्या डॉक्टरांचा सल्ला आधी घ्यावा. हवामानामुळे एखादे ठिकाण रद्द झाले, तर कप्तानावर दबाव आणू नये. ‘एक्स्प्लोरर’ बुडाल्यावरही त्यातील सर्व माणसे परतली, परंतु दुसरे जहाज प्रत्येक वेळी जवळ असेलच, याची हमी कोणी देऊ शकत नाही.