कोल्ड्रिंक बंद केलं, पण घरातली साखर कमी झाली का?

साखर कमी करायची ठरली की पहिली कुऱ्हाड फ्रीजमधल्या कोल्ड्रिंकवर पडते. ते योग्यच आहे. कोलाच्या ६०० मिलीच्या बाटलीत साधारण ६० ते ६५ ग्रॅम, म्हणजे सुमारे १५ चमचे साखर असते. पण अनेक घरांत कोल्ड्रिंक येतं ते पाहुणे आले की किंवा वाढदिवसाला. रोज पोटात जाणारी गोड पेयं वेगळीच असतात आणि त्यांना आपण 'गोड पेय' म्हणतही नाही.

साखर किती चालते?

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१५ च्या शिफारशीनुसार, वरून घातलेल्या साखरेतून मिळणारी ऊर्जा दिवसाच्या एकूण ऊर्जेच्या १० टक्क्यांपेक्षा कमी असावी, ५ टक्क्यांच्या आत राहिली तर आणखी चांगलं. रोज २,००० कॅलरी लागणाऱ्या प्रौढ व्यक्तीसाठी ही मर्यादा अनुक्रमे ५० आणि २५ ग्रॅम होते. लहान मुलांसाठी त्याहून कमी. अख्ख्या फळातली साखर यात धरत नाहीत. मध, गूळ आणि फळांच्या रसातली साखर मात्र धरतात.

आता चहाचा हिशेब करू. दिवसाला चार कप, प्रत्येक कपात दोन चमचे. झाले आठ चमचे, म्हणजे ३० ग्रॅमच्या वर. कोल्ड्रिंकला हातही न लावता २५ ग्रॅमची मर्यादा ओलांडली.

उसाचा रस 'नैसर्गिक' म्हणून बिनधास्त प्यायला जातो. आयसीएमआरच्या २०२४ च्या आहार मार्गदर्शिकेनुसार १०० मिली रसात १३ ते १५ ग्रॅम साखर असते, म्हणजे कोलापेक्षाही जास्त. मुलांच्या दुधात घालायच्या चॉकलेटी पावडरींचंही तसंच. आपल्या अन्न कायद्यात 'हेल्थ ड्रिंक' अशी व्याख्याच नाही. म्हणूनच एप्रिल २०२४ मध्ये केंद्रीय वाणिज्य मंत्रालयाने ई-कॉमर्स कंपन्यांना अशी पेयं त्या वर्गातून काढायला सांगितलं.

पातळ साखरेची अडचण अशी की ती पोट भरल्याची जाणीव फारशी देत नाही. सरबत प्यायलं म्हणून कोणी एक पोळी कमी खात नाही. नियमित गोड पेयांचा संबंध वजनवाढ, दात किडणं आणि टाइप-२ मधुमेहाशी आहे. आयसीएमआर-इंडियाबच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार देशात १०.१ कोटी लोकांना मधुमेह आहे आणि आणखी १३.६ कोटी लोक त्याच्या उंबरठ्यावर आहेत. तरीही अनेक घरांत आजोबांचा बिनसाखरेचा चहा आधी वेगळा काढला जातो आणि उरलेल्या आधणात पूर्वीइतकीच साखर पडते. आजोबांची मुलं आणि नातवंडं तोच चहा पितात, खरं तर सांभाळायला हवं ते त्यांनी.

मग करायचं काय?

सुरुवात आधणापासून करा. पाच चमचे टाकत असाल तर आठवडाभर साडेचार, मग चार. जिभेला सवय व्हायला काही आठवडे लागतात, पण होते. एकदम बंद केलेली साखर बहुतेक वेळा परत येते. 'शुगर-फ्री' गोळ्यांचा आधार घेण्याआधी थांबा: वजन आटोक्यात ठेवण्यासाठी कृत्रिम गोडवा वापरू नये, असं जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये सांगितलं आहे.

पाकिटावरचे आकडे बहुधा १०० मिलीचे असतात. तुमची बाटली २५० मिलीची असेल तर अडीचने गुणा. दोन वर्षांखालच्या बाळाला पाकिटातला ज्यूस देऊच नका, अख्खं फळ कुस्करून द्या.

उन्हाळ्यात ताक उत्तम. कोकम घेताना बाटली नीट बघा. 'अमृत कोकम' म्हणजे साखरेचा पाक, तर 'आगळ' म्हणजे मीठ घातलेला कोकमाचा रस. ग्लासभर गार पाण्यात दोन चमचे आगळ आणि चिमूटभर जिरेपूड पुरते. वरून मीठ घालू नका, आणि घरात कोणाला रक्तदाबाचा त्रास असेल तर त्यांच्या ग्लासात आगळ एकच चमचा घाला.