रॅमची खरेदी : झगमगाट हवा की झपाटा?

पुणे-अहिल्यानगर महामार्गावरील शिरूर आणि भीमाकाठचे रेल्वे जंक्शन दौंड ही पुणे जिल्ह्याच्या पूर्व भागातील दोन महत्त्वाची गावे. एकीकडे रांजणगावची, तर दुसरीकडे कुरकुंभची औद्योगिक वसाहत. अभियांत्रिकीचे विद्यार्थी, कारखान्यांतील आरेखक, लग्नाचे चित्रीकरण करणारे छायाचित्रकार, सेवा केंद्रांचे चालक आणि संगणकावर खेळ खेळणारी तरुण मंडळी, अशा सगळ्यांनाच कधी ना कधी सुटे भाग जमवून संगणक जुळवून घेण्याची वेळ येते. प्रोसेसर आणि मदरबोर्ड ठरला, की प्रश्न उरतो रॅमचा. काचेच्या कॅबिनेटमधून सप्तरंगी उजेड फेकणारी पट्टी घ्यावी, की काळीसावळी पण चपळ पट्टी घ्यावी?

प्रश्न वरवर हौसेचा वाटतो. प्रत्यक्षात तो पैशाचा आहे. २०२५ च्या उत्तरार्धात कृत्रिम बुद्धिमत्तेसाठी उभ्या राहणाऱ्या डेटा सेंटरकडून मागणी वाढली आणि मेमरीचे भाव जगभर झपाट्याने चढले. डिसेंबर २०२५ मध्ये मायक्रॉन कंपनीने 'क्रुशल' या नावाने ग्राहकांना होणारी विक्री थांबवण्याचा निर्णय जाहीर केला. सॅमसंग, एसके हायनिक्स आणि मायक्रॉन या तीन कंपन्यांच्या हाती मेमरी चिपच्या बाजाराचा मोठा हिस्सा असल्याने अशा निर्णयांची झळ थेट तालुक्याच्या दुकानापर्यंत पोहोचते. म्हणूनच रॅमवर खर्च होणारा प्रत्येक रुपया कशासाठी जातो, हे ग्राहकाला ठाऊक असणे अगत्याचे आहे.

दिवे कशाचे, वेग कशाचा?

हार्ड डिस्क किंवा एसएसडी हे स्वयंपाकघरातील फडताळ मानले, तर रॅम म्हणजे ओटा. ओटा जेवढा ऐसपैस, तेवढी भांडी एकाच वेळी हाताशी राहतात. ओटा अपुरा पडला, की प्रत्येक वस्तूसाठी फडताळाकडे फेऱ्या माराव्या लागतात. ओट्यावर झुंबर टांगले म्हणून स्वयंपाक लवकर होत नाही. रॅमवरील दिव्यांचेही तसेच आहे.

जी स्किल कंपनीने २०१७ च्या आरंभी 'ट्रायडेंट झेड आरजीबी' ही रंगीत दिव्यांची मालिका बाजारात आणली आणि त्यानंतर जवळपास प्रत्येक कंपनीने हा मार्ग धरला. दिवे आणि वेग यांचा एकमेकांशी संबंध नाही याचा बोलका पुरावा कंपन्यांनीच दिला आहे. २०१८ मध्ये गिगाबाइटने 'ऑरस' मालिकेच्या संचात दोन खऱ्या पट्ट्यांसोबत दोन नुसत्या दिव्यांच्या पट्ट्या दिल्या होत्या. त्यांत मेमरी अजिबात नव्हती. रिकामे स्लॉट भरलेले दिसावेत एवढाच त्यांचा उपयोग. कॉर्सेअरनेही अशा केवळ शोभेच्या पट्ट्या विकल्या.

याचा अर्थ दिव्यांची रॅम निकृष्ट असते, असा मात्र नव्हे. कॉर्सेअरची 'व्हेंजन्स' किंवा जी स्किलची 'ट्रायडेंट झेड ५' या मालिका दिव्यांसह आणि दिव्यांविना अशा दोन्ही रूपांत मिळतात. लेबलावरील आकडे सारखे असतील, तर दोन्हींचे काम सारखेच होते. फरक असतो तो किमतीचा, उंचीचा आणि दिवे चालवणाऱ्या सॉफ्टवेअरचा. हे सॉफ्टवेअर पार्श्वभूमीवर चालू राहते आणि थोडी मेमरी स्वतःच वापरते.

लेबलावरील तीन आकडे

रॅमची पारख तीन आकड्यांवर होते : क्षमता, वेग आणि 'सीएल' म्हणजे प्रतीक्षाकाळ. क्षमता जीबीमध्ये असते. वेग ३२००, ३६००, ५६००, ६००० अशा आकड्यांत सांगितला जातो. सीएल म्हणजे मागणी केल्यापासून माहितीचा पहिला तुकडा हाती येईपर्यंत मेमरीच्या घड्याळाचे किती ठोके लागतात, तो आकडा. तो जितका लहान तितके चांगले. पण वेग लक्षात न घेता नुसता सीएल पाहणे फसवे ठरते.

यासाठी सोपे गणित आहे. सीएलला २००० ने गुणावे आणि वेगाने भागावे. उत्तर नॅनोसेकंदांत येते. डीडीआर ४ प्रकारातील ३२०० वेगाची, सीएल १६ ची पट्टी घेतली तर हा काळ १० नॅनोसेकंद येतो. त्याच वेगाची सीएल २२ ची पट्टी १३.७५ नॅनोसेकंद घेते. डीडीआर ५ मध्ये ६००० वेग आणि सीएल ३० असेल तर पुन्हा १० नॅनोसेकंद. ५६०० वेग आणि सीएल ४६ असेल तर सुमारे १६.४ नॅनोसेकंद. दुकानात मोबाइलवर अर्ध्या मिनिटात हा हिशेब होतो. ३२०० वेगाची, सीएल २२ ची दिव्यांची पट्टी आणि त्याच किमतीची, सीएल १६ ची साधी पट्टी समोर असेल, तर निवड कोणती करायची हे वेगळे सांगायला नको.

एक पट्टी की जोडी?

घाईच्या खरेदीत हमखास हातून निसटणारा मुद्दा म्हणजे जोडी. घरगुती वापराच्या बहुतेक मदरबोर्डवर मेमरीसाठी दोन वाहिन्या असतात. १६ जीबीची एकच पट्टी बसवली, तर एकच वाहिनी वापरात येते; ८ जीबीच्या दोन पट्ट्या योग्य स्लॉटमध्ये बसवल्या, तर दोन्ही. ३२०० वेगाची एक पट्टी सेकंदाला जास्तीत जास्त २५.६ जीबी माहितीची ने-आण करू शकते; जोडी ५१.२ जीबीची. वेगळे ग्राफिक्स कार्ड नसलेल्या संगणकात हा फरक विशेष जाणवतो, कारण तेथे पडद्यावरील चित्रासाठीही हीच मेमरी वापरली जाते. अशा संगणकात दिव्यांची एक पट्टी घेण्यापेक्षा साध्या दोन पट्ट्या घेणे केव्हाही श्रेयस्कर.

जोडी एकाच पाकिटातील असावी. आज एक आणि दिवाळीला दुसरी, असे केल्यास नाव तेच असले तरी आतील चिप निराळ्या निघू शकतात. चार पट्ट्यांचा मोहही डीडीआर ५ मध्ये महागात पडतो. एएमडीच्या रायझन ७००० मालिकेसाठी दोन पट्ट्यांना अधिकृत वेग ५२०० आहे. चार पट्ट्या बसवल्यास तो ३६०० वर येतो. चारही स्लॉट उजळून निघतात, पण वेग मागे पडतो.

विकत घेतलेला वेग मिळतो का?

पाकिटावर ६००० छापलेले असले तरी संगणक पहिल्यांदा सुरू केल्यावर मेमरी सहसा त्याहून कमी, प्रमाणित वेगानेच चालते. छापील वेग मिळवण्यासाठी बायोसमध्ये जाऊन इंटेलच्या बोर्डवर 'एक्सएमपी' आणि एएमडीच्या बोर्डवर 'एक्स्पो' ही सोय चालू करावी लागते. ही एक पायरी राहून गेली, तर जादा पैसे मोजून घेतलेला वेग वर्षानुवर्षे पाकिटातच पडून राहतो. संगणक जुळवून देणाऱ्याकडून हे काम समोर करून घ्यावे. विंडोजच्या टास्क मॅनेजरमधील मेमरीच्या पानावर चालू वेग दिसतो. तो पाकिटावरील आकड्याशी ताडून पाहावा.

मदरबोर्डची मर्यादाही आधी पाहावी. इंटेलच्या एच ६१० चिपसेटच्या डीडीआर ४ बोर्डवर मेमरी ३२०० च्या पुढे जात नाही. तेथे ३६०० ची पट्टी घेणे म्हणजे पैसे पाण्यात घालणे. इंटेलच्या बाराव्या ते चौदाव्या पिढीचे काही बोर्ड डीडीआर ४ चे, तर काही डीडीआर ५ चे असतात. एएमडीच्या एएम ५ बोर्डवर केवळ डीडीआर ५ चालते. दोन्ही प्रकारच्या पट्ट्यांना २८८ पिना असल्या तरी खाच वेगवेगळ्या जागी असते. एकाची पट्टी दुसऱ्यात बसत नाही.

कामानुसार निवड

दाखले, ऑनलाइन अर्ज, हिशेब आणि टंकलेखन एवढेच काम असेल, तर १६ जीबीची साधी रॅम पुरेशी आहे. येथे दिवे आणि चढा वेग दोन्ही गैरलागू.

लग्नसराईत फोरके चित्रीकरणाचे संकलन आणि अल्बमची मांडणी करणाऱ्यांनी आधी क्षमतेकडे पाहावे. ३२ जीबीची मध्यम वेगाची जोडी ही १६ जीबीच्या अतिवेगवान जोडीपेक्षा अधिक उपयोगी पडते. कारण मेमरी भरली, की कितीही वेगवान रॅम असली तरी काम एसएसडीच्या गतीने रखडते. यंत्रभागांची मोठी आरेखने हाताळणाऱ्यांनाही हेच लागू आहे.

खेळांसाठी संगणक घेणाऱ्यांना वेग आणि सीएल यांचा लाभ दिसतो, पण तोही ठरावीक मर्यादेपर्यंत. एएम ५ बोर्डसाठी ६००० वेग आणि सीएल ३० हा समतोल मानला जातो. त्यापुढच्या वेगासाठी किंमत भराभर चढते आणि फायदा अगदी थोडा मिळतो. वाचलेली रक्कम ग्राफिक्स कार्डाकडे वळवल्यास पडद्यावर अधिक फरक पडतो.

उन्हाळा, वीज आणि हमी

एप्रिल-मे महिन्यांत या पट्ट्यात पारा चाळिशीला भिडतो. प्रमाणित व्होल्टेजवर, म्हणजे डीडीआर ४ साठी १.२ आणि डीडीआर ५ साठी १.१ व्होल्टवर चालणारी रॅम फारशी तापत नाही. व्होल्टेज वाढवून चालणाऱ्या वेगवान डीडीआर ५ संचाला मात्र धातूचे आवरण आणि कॅबिनेटमधून खेळती हवा लागते. दिव्यांच्या पट्ट्या बहुधा उंच असतात. मोठ्या एअर कूलरचा पंखा त्यांना अडतो. कूलर आणि रॅम या दोहोंची उंची मिलिमीटरमध्ये विचारूनच मागणी नोंदवावी. वीज वारंवार जात असेल, तर दिव्यांवर होणारा खर्च यूपीएसकडे वळवणे शहाणपणाचे.

हमीचा प्रश्नही तितकाच महत्त्वाचा आहे. नामांकित कंपन्या रॅमला दीर्घ मुदतीची हमी देतात. परंतु संचातील एक पट्टी बिघडली तरी अनेकदा दोन्ही पाठवाव्या लागतात. पुणे येथून दौंड रेल्वेने पाऊणशे किलोमीटर, शिरूरही जवळपास तितकेच दूर. बदली पट्टी येईपर्यंत संगणक बंद राहतो आणि ऐन हंगामात त्या दिवसांचे काम बुडते. म्हणून पक्के जीएसटी बिल, त्यावर अनुक्रमांक आणि हमी कोण देणार याचा खुलासा, या तीन गोष्टी पैसे देण्यापूर्वी पदरात पाडून घ्याव्यात. नवी जोडी बसवल्यावर 'मेमटेस्ट ८६' ही चाचणी रात्रभर चालवावी. दोष असेल तर तो परत करण्याच्या मुदतीतच उघड होतो.

खरेदीचा क्रम

पहिल्यांदा मदरबोर्डला चालणारा प्रकार, मग कामाला पुरेल इतकी क्षमता, मग एकाच पाकिटातील जोडी, त्यानंतर वेग व सीएल आणि पुढे बिल व हमी. हे सगळे जमल्यावर त्याच आकड्यांची दिव्यांची जोडी थोड्या जादा पैशांत मिळत असेल आणि कॅबिनेटला काचेची बाजू असेल, तर हौस जरूर करावी. मात्र लोखंडी पत्र्याच्या बंद कॅबिनेटमध्ये, टेबलाखाली ठेवलेल्या संगणकात कितीही रंग उधळले, तरी ते पाहणार कोण?